न पाहिलेला आकडा

दापोडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जेवढी लहानसहान वर्कशॉप आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या मालकांना माझ्या साडूंनी निदान एकदा तरी चहा पिता पिता घाम फोडलेला आहे, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांना लांबून येताना पाहून शटर अर्धं खाली ओढलेलं आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात, आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली तरीही. मूळचे मावळातले. पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत बॉयलरवर चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि दापोडीला रेल्वेलाइनीच्या कडेच्या गल्लीत दोन खोल्यांत अक्कांबरोबर, म्हणजे त्या थोरल्या बहिणीबरोबर, राहतात. निवृत्त माणसाने सकाळी बागेत फिरावं आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून सरकारला नावं ठेवावीत, असा जो आपल्याकडे समज आहे, त्याला त्यांनी कधी भीक घातली नाही. त्यांनी एकच काम अंगावर घेतलं. ज्यांनी बोलावलेलं नाही अशांच्या दारात जाऊन सांगायचं, "कायदे बदलत्यात. तुमचा धूर मोजून ठेवा."

दाजींच्या सवयी सांगायच्या तर कानापासून सुरुवात करावी लागेल. जिथे दाबाची हवा वापरतात अशा प्रत्येक कारखान्यात पाइपांच्या सांध्यांतून थोडी थोडी हवा सुटत असते. ती सुटते म्हणून कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीज फुकट जाते. यंत्रांच्या गोंगाटात तो बारीक फुसफुसाट तुम्हाआम्हाला ऐकू येत नाही. दाजींना येतो. बोलता बोलता ते मधेच थांबतात, मान तिरकी करतात, आणि आपण घरातलं काही सुखदुःख सांगत असलो तरी ते तिथेच सोडून भिंतीकडे चालू लागतात. खिशात शाम्पूची जुनी बाटली असते, तिच्यात साबणाचं पाणी. ते दाढीच्या ब्रशाने सांध्यावर फासायचं, फुगे आले की मालकाला हाक मारायची आणि काही न बोलता नुसतं बोट दाखवायचं. मोशीला माझ्या भाचीच्या साखरपुड्यात सगळे फोटोसाठी उभे राहिले तेव्हा दाजी सापडेनात. शेवटी हॉलच्या मागे जनरेटरपाशी सापडले. तासाला किती डिझेल जातं, असं ते जनरेटरवाल्याला विचारत होते, आणि तो बिचारा "काका, टाकी संपली की भरतो" यापलीकडे काही सांगू शकत नव्हता. जेवताना दाजी दोनदा मला म्हणाले, "माणूस गुणी हाय. पण आपन किती जाळलं ते त्येला ठावं न्हाई."

आमच्या चिखलीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आलेली बाकीची माणसं देवाच्या पाया पडायला आत गेली, दाजी जिन्याखाली विजेच्या मीटरकडे. तेव्हापासून ते घरी आले की आधी मीटर वाचतात, मग वर येतात. अक्कांना याची फार लाज वाटायची. "अहो, लोकांच्या घरी आलोय आपण, चहा तरी घ्या आधी," असं त्या दबक्या आवाजात सांगायच्या. दाजी शांतपणे वहीत आकडा लिहायचे आणि मग चहा घ्यायचे. हा चिक्कूपणा नव्हता, हे मला समजायला बराच काळ लागला. वीज कमी वापरा, असं ते कधीच म्हणाले नाहीत. बायकोने एकदा चिडून विचारलं की आम्ही एसी लावायचा की नाही, तर म्हणाले, "खुशाल लाव. मी वाचवायला न्हाई सांगत, मोजायला सांगतोय."

हे सगळं सुरू झालं ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. हरितगृह वायू आणि त्यांचे नवे नियम या विषयावर एक तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि कंपनीने कुणाला तरी पाठवायलाच हवं होतं. साहेबमंडळींना वेळ नव्हता, दाजींची त्या आठवड्यात शिफ्ट मोकळी होती, म्हणून त्यांना पाठवलं. तिथे दुपारच्या जेवणानंतर बाकीचे डुलक्या घेत होते आणि दाजी वही भरत होते. परत येऊन त्यांनी साहेबांपुढे अहवाल ठेवला. तो साहेबांनी न उघडता कपाटात ठेवला. पण दाजींच्या डोक्यात विषय कायमचा शिरला. ज्या बॉयलरला आपण उभं आयुष्य घास भरवला, त्याच्या चिमणीतून काय गेलं हे मोजता येतं, आणि उद्या ते कुणीतरी विचारणार आहे, ही गोष्ट त्यांना फार मोठी वाटली. मग शब्दकोश शेजारी ठेवून, ओळीखाली बोट धरून, ते इंग्रजी नियमावल्या वाचू लागले. नियम सारखे बदलत. आधी फक्त मोठ्या कारखान्यांना विचारत होते. मग मोठे कारखाने त्यांना माल पुरवणाऱ्यांना विचारू लागले. मग युरोपात लोखंड-पोलाद पाठवायचं तर ते बनवताना किती कार्बन हवेत गेला हे सांगावं लागेल, असं आलं. प्रत्येक बदलाबरोबर माहिती भरायचा नमुना बदले आणि दाजी जुन्या नमुन्यावर पेन्सिलीने काट मारून नवा छापून आणत. लोक कंटाळत, म्हणत की जरा सगळं ठरू द्या, मग बघू. दाजी म्हणत, "नमुना त्यांचा, मोजणं आपलं. नमुना बदलला म्हून भट्टी कमी जाळत न्हाई."

समजावून सांगण्याची त्यांची रीत मात्र मी अजून कुठल्या सल्लागाराकडे पाहिलेली नाही. तीन बोटं वर करून सांगत, "एक, आपन सोता जाळल्यालं. दोन, आपल्याला वीज मिळावी म्हून लांब कुनीतरी जाळल्यालं. आन् तीन, आपल्या दारात माल यायच्या आदीच त्यात जळून गेल्यालं. तिन्ही आपलंच हाय. तिसरं दिसत न्हाई, म्हून त्येची लाज वाटत न्हाई." हे ऐकताना तळवड्याच्या, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपवाल्याने त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्हाला यात काय मिळतं?" दाजींनी बराच विचार केला आणि म्हणाले, "चहा." तो हसला, दाजी हसले नाहीत.

मीही त्या अर्ध्या शटरवाल्यांपैकीच होतो, हे कबूल केलं पाहिजे. चिखलीत माझं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. दुसऱ्यांनी बनवलेले गिअर आणि पिना भट्टीत लाल होईपर्यंत तापवायच्या, तेलात विझवायच्या आणि कडक करून परत द्यायच्या. जुने लोक याला लोखंडाला पाणी देणं म्हणत. दोन भट्ट्या, एक विजेवरची, एक तेलावरची, आणि अकरा माणसं. माझं निम्म्याहून जास्त काम चाकणच्या एका कंपनीचं, आणि त्या कंपनीचा माल युरोपात जातो. दाजी तीन वर्षं मला सांगत होते की तुमच्यापर्यंत येणार, आणि मी तीन वर्षं 'हो हो' म्हणत होतो. मग एके सकाळी चाकणहून मेल आला. मागच्या वर्षभरात किती वीज, किती तेल, किती डिझेल वापरलं, आणि त्यातून दर किलो मालामागे किती कार्बन हवेत गेला, ते सहा आठवड्यांत कळवा. न कळवणाऱ्या पुरवठादारांचा फेरविचार करण्यात येईल. मेल सभ्य होता. 'फेरविचार' हा शब्द मी तीनदा वाचला.

त्या वेळी मी दाजींना फोन केला नाही, हे आज सांगताना बरं वाटत नाही. मला घाई होती आणि दाजी म्हणजे वेळ. मी ओळखीतून एक सल्लागार बोलावला. हिंजवडीकडे त्याचं ऑफिस, तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्याने भट्टीकडे लांबूनच एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. तुमच्या साइजच्या युनिटचा आकडा आमच्याकडे तयार असतो." दोन दिवसांत देखणा अहवाल आला, रंगीत आलेखांसकट. आकडाही देखणा होता. वर्षभराचं आपलं काम इतकं स्वच्छ आहे हे वाचून मला क्षणभर खरोखर अभिमान वाटला.

त्याच रविवारी दाजी आणि अक्का जेवायला आले. अहवाल टेबलावर पडलेला. दाजींनी चष्मा लावला आणि एकेक पान वाचलं. वरण गार झालं. मला वाटलं रागावतील, पण ते रागावले नाहीत.

"पाव्हणं, ह्यो आकडा कुठल्या भट्टीचा?"

"आपल्याच."

"आपल्या भट्टीजवळ कोन गेलं होतं?"

अक्कांनी विषय बदलायचा प्रयत्न केला. दाजींनी अहवाल मिटून जागेवर ठेवला, जेवले, हात धुतले, आणि जाताना दारात म्हणाले, "सा आठवड्यांतलं दोन गेलं. चार हायेत. मी उद्यापास्नं येतो. मोजू, मग तुमाला जो पाठवायचा तो पाठवा."

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दाजी बस बदलून चिखलीला हजर होते. त्यांनी एक स्टूल मागून घेतलं आणि ते भट्टीसमोर मांडलं. शिफ्टच्या सुरुवातीला मीटर, शेवटी मीटर. तेलाच्या टाकीत सळई बुडवून पातळी. भट्टीत जाणारी प्रत्येक बास्केट आधी काट्यावर. दार किती वाजता उघडलं, किती वेळ उघडं राहिलं. माझी माणसं बिथरली. भट्टीवरचा माझा मुख्य माणूस गंगाधर, नांदेडकडचा, तोंडाने फटकळ आणि हाताने सोन्यासारखा. तिसऱ्या दिवशी त्याने सरळ विचारलं, "मामा, आमच्यावर नजर ठेवायलात का?"

दाजी म्हणाले, "तुज्यावर न्हाई. दारावर."

"दार मीच उघडायलोय की."

"मग आज मी उघडतो. तू बस हितं आन् लिही."

सत्तरीला टेकलेला माणूस आख्खी शिफ्ट भट्टीपुढे उभा राहिला. मी दोनदा थांबवायला गेलो, दोन्ही वेळा त्यांनी मला बाजूला केलं. गंगाधर स्टुलावर बसून वेळा लिहीत होता, आणि लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत भट्टी रिकामी जळत राहते. दाराच्या वरच्या कडेची वीट तडकलीय आणि तिथून सतत आच बाहेर येते. दुपारी अर्धी भरलेली बास्केट आत जाते, कारण दुसरा टेम्पो उशिरा येतो. संध्याकाळी त्याने वही दाजींच्या हातात दिली आणि म्हणाला, "मामा, हे तर आपणच बाहेर फेकायलोय." त्या दिवसानंतर मोजायला कुणाला सांगावं लागलं नाही. माणसं आपणहून ओरडून वेळ सांगू लागली.

चौथ्या आठवड्यात, मागच्या वर्षाच्या बिलांशी ताळा घालून, दाजींनी आकडा काढला. तो सल्लागाराच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

दुपारची सुट्टी होती. माणसं बाहेर डबे खात होती. आम्ही दोघंच आत होतो आणि माझ्यापुढे दोन कागद होते. मी म्हणालो, "दाजी, हा पाठवला तर काम जाईल. अकरा घरं आहेत माझ्यामागे. तो दुसरा आकडा सगळेच पाठवतात. कोण येतंय बघायला?"

दाजींनी दोन्ही कागद माझ्यापुढून आपल्याकडे ओढले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी चोवीस वर्षांत ऐकलं नव्हतं; नंतर कळलं, अक्कांनीही ऐकलं नव्हतं.

"आमच्या बॉयलरला दर पाळीला नोंद असायची. पाण्याचा क्षार किती, दाब किती, समदं. एकदा तपासणी यायची होती आन् मागल्या पंधरा दिसांची नोंदच झाली न्हवती. साहेबानं मला बसवलं. माजं अक्षर चांगलं म्हून मला. मी एका बैठकीत पंधरा दिस लिवले. समदं झकास लिवलं. तपासणीवाला खूश झाला." ते थांबले. "म्हैन्याभरानं नळी फुटली. आत क्षार साचला होता. माजा जोडीदार समोर होता. उजवा हात आन् निम्मं तोंड भाजलं त्येचं. चौकशी बसली. चौकशीवाल्यानं नोंदवही काढली, तर नोंदवहीत समदं चांगलं. मग म्हनले, पाणी चांगलं होतं, म्हंजे चूक माणसाची. त्येच्यावर आलं. त्येची नोकरी गेली."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"न्हाई."

बाहेर कुणीतरी डब्याचं झाकण आपटलं. दाजी खाली बघत होते.

"रिटायर झालो आन् पैल्यांदा त्येच्या गावाला गेलो. समदं सांगितलं. त्यो रागावला न्हाई, रडला न्हाई. एकच इचारलं त्येनं. म्हनला, मग त्या दिसांत पाणी खरं किती वाईट होतं? मला एवढंच सांग." दाजींचा आवाज अजिबात बदलला नव्हता. "मला सांगता येईना, पाव्हणं. कुनी मोजलंच न्हवतं. खरा आकडा हायेच न्हाई कुटं. त्यो आता कुनालाच गावायचा न्हाई."

सुट्टी संपल्याची घंटा झाली, माणसं आत आली. गंगाधरने आमच्याकडे पाहिलं आणि तो भट्टीकडे गेला. मी सल्लागाराचा कागद घडी करून खणात टाकला. दाजींचा आकडा आणि त्याखाली काय काय दुरुस्त करणार याची यादी, असं एक पत्र त्याच दुपारी चाकणला पाठवलं. हा शहाणपणा होता की वेडेपणा, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. दाजींकडे बघून 'नाही' म्हणवलं नाही, एवढंच खरं.

आठवड्याने चाकणहून बोलावणं आलं. दाजी बरोबर आले, पांढरा शर्ट आणि बाटाचे नवे काळे बूट घालून. रिसेप्शनमध्ये बसवलं तेव्हा त्यांची मान तिरकी झालेली मी पाहिली आणि घाईने त्यांचा हात धरला. पुरवठादारांचं काम बघणाऱ्या मॅडम चाळिशीच्या होत्या, बोलायला कोरड्या. त्यांनी आमचं पत्र पुढे ठेवलं. "तुमचा आकडा आमच्याकडे आलेल्यांत सगळ्यात वाईट आहे," त्या म्हणाल्या.

दाजी म्हणाले, "व्हय. वाईटच हाय. पर आमचा हाय."

मॅडम पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघू लागल्या. मग त्यांनी विचारलं की मोजलं कसं, आणि दाजींनी वह्या काढल्या. गंगाधरचं वेडंवाकडं अक्षर, तेलाचे डाग, दाराच्या वेळा. मॅडमनी पानं उलटली. बराच वेळ उलटली. मग म्हणाल्या, "तिघांनी पाठवलेला आकडा दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या घरापर्यंत सारखा आहे. वेगवेगळी युनिट, वेगवेगळा माल. त्यांचं काय करायचं मला कळत नाहीये. तुमचं काय करायचं ते निदान कळतंय."

पण त्यांनी आम्हाला मोकळं सोडलं नाही. विजेवरच्या भट्टीचं काम आमच्याकडे राहील, तेलावरच्या भट्टीचं काम दुसरीकडे जाईल, आणि वर्षभरात आकडा खाली आला तर पुन्हा बोलू, असं ठरलं. खरं बोलल्याबद्दल मिळालं ते एवढंच. तेलाची भट्टी बंद झाली आणि अकरांतल्या दोन माणसांना माझ्याकडे काम उरलं नाही. एकाला दाजींनी स्वतः चार दिवस हिंडून तळवड्याला लावून दिलं. दुसरा लातूरकडे गावी निघून गेला. तो निरोप घ्यायला आला तेव्हा दाजी स्टुलावरून उठून उभे राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "ह्यो माज्यामुळं गेला." मी म्हणालो, "नियमांमुळे गेला." त्यांनी मान हलवली, पण ती 'हो' म्हणून हलवली की 'नाही' म्हणून, ते मला कळलं नाही.

त्यानंतरचं वर्ष आम्ही उरलेल्या विजेवरच्या भट्टीच्या मागे लागून काढलं. दाराची वीट बदलली. जेवणाच्या सुट्ट्या दोन टप्प्यांत केल्या, म्हणजे भट्टी रिकामी जळणार नाही. टेम्पोवाल्याशी भांडून वेळा बांधून घेतल्या, बास्केट भरून जायला लागल्या. दाजी आठवड्यातून तीनदा येत. आकडा एकदम खाली आला नाही. हट्टी ताप उतरावा तसा थोडा थोडा उतरला, मधेच एकदा चढलाही. चढला त्या महिन्यात मला तो लपवावासा वाटला, हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "वाटनारच की. मला अजून वाटतं." वर्षाने चाकणचं काम हळूहळू परत येऊ लागलं, सगळं नाही. आणि एक गोष्ट अशी झाली की ज्यांनी शटर ओढली होती त्यांतले काही जण माझ्याकडे विचारायला येऊ लागले, ते तुमचे साडू आमच्याकडे येतील का. दाजी गेले. चिखलीतल्या आमच्या गल्लीतल्या सात-आठ युनिटांत आज मोजणी होते ती त्यांच्यामुळे.

आणि मग नियम पुन्हा बदलले. यंदाच्या नमुन्यात शेवटच्या पानावर एक नवी चौकट आली. माहिती मान्यताप्राप्त पडताळणी करणाऱ्यानेच तपासली पाहिजे, त्याचीच सही आणि त्याचाच नोंदणी क्रमांक हवा. हे योग्यच आहे. ते तयार आकडे विकणारे लोक यानेच थांबतील. दाजींनीच मला ते वाचून दाखवलं, ओळीखाली बोट धरून. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे आदीच करायला पायजे हुतं." त्या सहीसाठी पदवी लागते, परीक्षा लागते. दाजी दहावी आणि बॉयलरचं सर्टिफिकेट.

पडताळणीला एक तरुण मुलगी आली. तिशीही झालेली नसेल. पहिल्या पाच मिनिटांतच मला धीर आला, कारण ती खुर्चीवर बसली नाही. जनरेटरच्या डिझेलटाकीच्या तोंडात स्वतः सळई घातली, मीटरवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली, गंगाधरला इतके प्रश्न विचारले की तो पाणी प्यायला गेला. दाजी बाहेर बाकावर बसून होते. आत चला म्हणालो तर नको म्हणाले, तिच्या कामात लुडबुड नको. दुपारी तिने वह्या बंद केल्या आणि म्हणाली, "इतक्या लहान युनिटमध्ये अशा नोंदी मी पाहिल्या नाहीत. कुणी ठेवल्या?" मी दाराकडे बघितलं. दाजींनी बाकावरून नकारार्थी हात हलवला. पण गंगाधरला कुठे धीर निघतो. तो म्हणाला, "बाहेर बसलेत ते मामा." मुलगी बाहेर गेली. ती त्यांच्याशी काय बोलली ते भट्टीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ती वाकून त्यांच्या पाया पडली एवढं दिसलं, आणि दाजी गडबडून उभे राहिले, एवढं दिसलं.

अहवालावर तिची सही झाली. दाजींचं नाव लिहायला त्यात कुठे रकाना नव्हता. मी वरपासून खालपर्यंत शोधला.

संध्याकाळी मी त्यांना गाडीने सोडतो म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. बसथांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. मी विचारलं, "दाजी, सोमवारी याल ना?"

"सोमवारी न्हाई. तुमच्या अक्काला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं हाय. दोन वर्सं म्हनतीय, धूसर दिसतं." थोडं चालून म्हणाले, "म्हनत हुती, आन् मी हितं यायचो."

थांब्यावर पोचल्यावर ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "पाव्हणं, त्या अहवालाची एक प्रत द्याल का मला?"

माझ्या पिशवीत जादा प्रत होती. ती काढून दिली. काय करणार, असं मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"काई न्हाई," दाजी म्हणाले. "वाचीन."

बस आली. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांनी माझ्याकडे पाहून हात केला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला, आणि बस सुटायच्या आत पहिलं पान उघडलं. वळणावर बस दिसेनाशी झाली तेव्हाही त्यांची मान खालीच होती.